बोटीवरचा अर्धा तास

प्रति,
माननीय महासंचालक, नौवहन महासंचालनालय, मुंबई;
तसेच भारतीय अधिकारी आणि खलाशी ज्यांच्या बोटींवर काम करतात ते सर्व जहाजमालक आणि व्यवस्थापन कंपन्यांचे संचालक यांस



मी मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनियर आहे आणि घरी असतो तेव्हा लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो. बोटीवर असतो तेव्हा तो दमसास निदान गमावू नये म्हणून धडपडतो. ही धडपड माझ्या हौसेची बाब आहे, असं आजवर मला अनेकांनी समजावलं आहे. हौसेसाठी मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं. दमसास ही बोटीवरच्या सुरक्षेची गोष्ट आहे, अग्निशमनाच्या पंपाइतकीच, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी एकट्या खलाशाची नाही, आपलीही आहे, हे मला सांगायचं आहे.

भर समुद्रात आग लागली तर बाहेरून कुणी येत नाही. अग्निशमन दल आम्हीच असतो: एक मोटरमन, एक फिटर, एक एबी (डेकवरचा अनुभवी खलाशी), एक ज्युनियर इंजिनियर. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे किमान 1200 लिटर हवा असावी लागते. मिनिटाला 40 लिटर या हिशेबाने ती अर्धा तास पुरते. पण फायर सूट, बूट आणि हेल्मेट घालून, भरलेला होज ओढत, धुरात चाचपडत इंजिनरूमच्या शिड्या उतरणारा माणूस मिनिटाला 40 लिटरवर थांबत नाही. महिनोन्‌महिने ज्याला धाप लागेल असं काही करायला मिळालेलं नाही, तो 80 लिटरपर्यंत सहज पोचतो. मग अर्ध्या तासाचा पाव तास होतो, आणि परत वर चढून येण्याची वेळही त्यातूनच काढायची असते. हवा संपत आल्याची शिट्टी सरावात कुणाची आधी वाजते हे मी पाहत आलो आहे. एकाच मापाचे सिलिंडर, एकच काम, आणि दोन माणसांच्या शिट्ट्यांमध्ये कितीतरी मिनिटांचं अंतर. बंदिस्त टाकीत बेशुद्ध पडलेल्या माणसाला वर काढण्याचा सराव दर दोन महिन्यांनी करावा लागतो. तिथेही हेच दिसतं. उपकरणं दर महिन्याला तपासली जातात आणि त्यावर सह्या होतात. ती पाठीवर घेणाऱ्या माणसाचा दम मात्र कुणी तपासत नाही.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं. 1927 साली मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं, पुढे ‘राजेंद्र’ आलं, आता नेरूळला ‘चाणक्य’ आहे. पहाटेची पीटी आणि पोहणं यांच्याशिवाय इथल्या कॅडेटच्या आयुष्याची कल्पना करता येणार नाही. पंधरा-वीस वर्षांनी तोच मुलगा कॅप्टन होतो तेव्हा त्याच्याकडून दोन वर्षांतून एक वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं जातं, बस. त्या तपासणीत रक्तदाब, डोळे, कान, ईसीजी होतं. दोन मजले भराभर चढून त्याची नाडी किती वेळात पूर्ववत होते, हे निदान माझ्या तपासण्यांत तरी कुणी पाहिलेलं नाही.

दम साठवून ठेवता येत नाही, आणि ही शरीरशास्त्राने मोजून ठेवलेली गोष्ट आहे. 1984 साली अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून पाहिला. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या 3 आठवड्यांत सुमारे 7 टक्के घसरली, आणि 8 आठवड्यांत सुमारे 16 टक्क्यांवर जाऊन थांबली. आमच्या अधिकाऱ्यांचं कॉन्ट्रॅक्ट चार ते सहा महिन्यांचं, खलाशांचं त्याहून लांब. म्हणजे घरून कितीही तयारी करून साइन ऑन केलं तरी ती शिदोरी दुसऱ्या महिन्यापर्यंत बरीच घटते. उरलेले महिने बोट दम घटलेल्या माणसांच्या भरवशावर चालते.

आता याच विषयातली आनंदाची बाजू सांगतो, कारण माझी मागणी तिच्यावरच उभी आहे. त्याच दशकात शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांनी उलटा प्रश्न विचारला: कमावलेला दम टिकवायला कमीत कमी किती लागतं? त्यांनी लोकांना आठवड्याचे 6 दिवस, रोज 40 मिनिटं कसून तयार केलं. मग काहींचे दिवस 6 वरून 2 वर आणले; क्षमता पंधरा आठवडे टिकली. काहींची वेळ 40 मिनिटांवरून 26 वर आणि 13 वर आणली. तरीही टिकली, फक्त 13 मिनिटांवाल्यांचा लांब पल्ल्याचा टिकाव कमी झाला. पण दिवस आणि वेळ तेवढेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा मात्र ती घसरली. बोटीवरच्या माणसासाठी यापेक्षा उपयोगी संशोधन मला माहीत नाही. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, पण खराखुरा, घाम काढणारा. एवढं पुरतं. मी आपल्याकडे यापेक्षा जास्त मागत नाही.

तर मग हा अर्धा तास का मिळत नाही?

पहिलं कारण विश्रांतीच्या तासांचं. 2006 चा सागरी श्रम करार भारताने 2015 मध्ये मान्य केला. त्यात 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती सांगितली आहे. तिचे जास्तीत जास्त दोनच तुकडे करायचे, त्यातला एक सलग किमान 6 तासांचा. आठवड्याच्या 168 तासांतून 77 वजा केले की 91 उरतात. कायद्याच्या चौकटीत राहूनही आठवड्याला 91 तास काम घेता येतं. 6 तास झोपलेल्या माणसाने उरलेल्या 4 तासांत जेवायचं, आंघोळ करायची, कपडे धुवायचे, घरी बोलायचं. आणि हेही सगळं कागदावरचं गणित आहे. कागद आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर असतं, नोंदी कशा जुळवून घेतल्या जातात, हे माल्मोच्या वर्ल्ड मेरीटाइम युनिव्हर्सिटीने 2020 च्या अहवालात मांडलं आहे, आणि बोटीवर काम केलेल्या कुणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नसेल. पूर्वेकडे जाताना घड्याळ एकेक तास पुढे करत जातो, तो तासही झोपेतूनच जातो. अशा माणसाला ‘फावल्या वेळात व्यायाम करा’ असं पोस्टर पाठवणं बरं नव्हे. झोप कापून केलेल्या व्यायामाने दम वाढत नाही, दुखापती वाढतात. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की हा आठवड्याचा दीड तास कामाच्या वेळात धरावा. फायर ड्रिल आम्ही कामाच्या वेळातच करतो ना? हाही सरावच आहे.

दुसरं कारण जागेचं, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

त्याच कराराच्या मार्गदर्शक भागात व्यायामाच्या साधनांचा उल्लेख आहे, शक्य असेल तिथे पोहण्याच्या सोयीचाही. पण हा भाग बंधनकारक नाही. त्यामुळे नवी बोट बांधताना सगळ्या केबिन, स्टोअर आणि लॉकर मांडून झाले की जी खोली उरते तिला ‘जिम’ अशी पाटी लागते. मी ज्या खोल्यांमध्ये धावलो त्यातली एक फनेलच्या भिंतीला लागून होती आणि तिच्यात एसीचा झोत पोचत नव्हता. दुसरीत ट्रेडमिलवर चढलं की डोकं छताला लागायचं. बहुतेक ठिकाणी ट्रेडमिलच आणून ठेवतात, कारण खरेदी करणाऱ्याला किनाऱ्यावरची जिम आठवते. बोट पुढेमागे हलली की ट्रेडमिलचा चढ होतो, क्षणात उतार होतो; आडवी डोलली की पट्टा पायाखालून निसटतो. अटलांटिकच्या उत्तरेला हिवाळ्यात तिच्यावर धावणं म्हणजे घोटा मोडून घेणं. बोटीवर लागते ती डेकला बोल्टने घट्ट बसवलेली स्थिर सायकल आणि रोइंग मशीन. दोन्हींवर माणूस बसलेला असतो, पडायची भीती कमी, आणि गुडघ्याला दणका नाही. हवेच्या किंवा पाण्याच्या रोधावर चालणाऱ्या रोइंग मशीनला मोटरही लागत नाही.

आणखी एक गोष्ट इंजिनियर म्हणून सांगतो. बोटीवर जे प्लॅन्ड मेंटेनन्सच्या यादीत असतं तेच चालू राहतं. जिमची यंत्रं त्या यादीत नसतात. सायकलचा बेअरिंग गेला की ती सायकल कपडे वाळत घालायला वापरतात. मी पूर्वी काम केलेल्या एका कंपनीकडे ट्रेडमिलच्या पट्ट्याची मागणी पाठवली, तर उत्तर आलं की हा खर्च अत्यावश्यक नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत तो पट्टा आला नाही. या यंत्रांना यादीत एक क्रमांक द्या, सुटे भाग द्या. दुरुस्ती आम्ही करू, आम्हाला ती येते.

आणि डेक? दोनेकशे मीटरच्या बल्क कॅरियरवर हॅचच्या दोन्ही बाजूंनी फेरी मारली तर बऱ्यापैकी पल्ला होतो. ब्राझीलहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनकडे जाताना महिन्याभराहून जास्त काळ बंदर लागत नाही. संध्याकाळी काम संपल्यावर डेकवर धावण्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. तरीही अनेक कंपन्यांमध्ये डेकवर धावायला सरसकट बंदी आहे. त्यामागची भीती मला समजते. डेकवर पाइप आहेत, दोरखंड आहेत, ओला रंग आहे. धान्य भरून फ्युमिगेशन केलं असेल तर हॅचजवळ फॉस्फिनचा धोका आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये बोटींवर हल्ले सुरू झाल्यावर तांबड्या समुद्रातून जाताना डेकवर येणंच बंद झालं. या सगळ्या वेळी बंदी हवीच. पण चांगल्या हवामानात, उजेडात, ब्रिजला वॉकीटॉकीवर कळवून, घसरू नये असा रंग दिलेल्या आखीव पट्ट्यातून धावायला हरकत काय? जी कंपनी क्रेनच्या कामाची जोखीम तपासून परवाना देऊ शकते, तिला एका पट्ट्याची जोखीम तपासता येईल.

खलाशांबद्दल वेगळं बोलायला हवं. जिम बऱ्याचदा अधिकाऱ्यांच्या मजल्यावर असते. दिवसभर डेकवर रंग खरवडून आलेला ओएस, म्हणजे कनिष्ठ खलाशी, तिथे यायला संकोचतो, आणि त्याला कुणी बोलावतही नाही. तो शरीराने कष्ट करतो म्हणून त्याला व्यायाम नको, असा एक समज आहे. चिपिंग हॅमर चालवून खांदे दुखतात, दम वाढत नाही. आमचा एक सारंग, गुहागरकडचा, रोज पहाटे सूर्यनमस्कार घालायचा. त्याच्याबरोबर हळूहळू पाच-सहा जण केबिनबाहेरच्या पॅसेजमध्ये उभे राहू लागले. जलद गतीने घातलेले सूर्यनमस्कार चांगलीच धाप लावतात. त्या पॅसेजपेक्षा बरी जागा त्यांना मिळायला हवी होती, एवढंच मला वाटतं.

शंभरापेक्षा कमी माणसं असलेल्या बोटीवर डॉक्टर ठेवणं बंधनकारक नाही. आमच्याकडे वीस-बावीस माणसं असतात आणि औषधाच्या कपाटाची किल्ली एका मेटकडे. हृदयविकाराचा झटका आला तर जवळचं हॉस्पिटल कधी कधी आठवड्याच्या अंतरावर असतं. हे वाक्य मला लांबवायचं नाही. आपण सगळ्यांनी अशा बातम्या ऐकल्या आहेत.

महासंचालक महोदय, यातलं बरंचसं आपल्या हातात आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीवर आपला नियम चालत नाही हे मला ठाऊक आहे, आणि आमच्यातले बहुतेकजण पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स अशा परदेशी झेंड्यांखालीच जातात. पण त्यांना भरती करून पाठवणाऱ्या कंपन्यांचा परवाना आपल्या कार्यालयातून निघतो. त्या परवान्याच्या तपासणीत दोन प्रश्न घालता येतील: ही कंपनी माणसं पाठवते त्या बोटींवर चालू स्थितीतली, बोल्टने बसवलेली व्यायामाची साधनं आहेत का, आणि त्यासाठी राखून ठेवलेला वेळ आहे का? भारतीय झेंड्याच्या बोटींसाठी तर एक परिपत्रक पुरेल. आणि वैद्यकीय तपासणीत पायऱ्यांची साधी चाचणी आणावी, मात्र साइन ऑन आणि साइन ऑफ अशा दोन्ही वेळी. फक्त जाताना घेतली तर ती माणसाला घरी बसवायला वापरली जाईल, आणि ते मला मुळीच नको आहे. दोन्ही वेळी घेतली तर बोटीने त्या माणसाचं काय केलं ते कळेल, आणि उत्तर कंपनीला द्यावं लागेल.

संचालक महोदय, आपल्याकडून एवढंच हवं आहे, की पुढच्या ड्राय-डॉकच्या कामांच्या यादीत तीन ओळी याव्यात: एक सायकल आणि एक रोइंग मशीन फ्रेमला बोल्ट करणे, खोलीत एसीची एक शाखा नेणे, मेन डेकच्या दोन्ही बाजूंना न घसरणाऱ्या रंगाचा पट्टा ओढणे. हॅच कव्हरच्या दुरुस्तीच्या खर्चात हा आकडा दिसणारही नाही. यादी तपासायला सुपरिंटेंडेंट बोटीवर येतील तेव्हा मोजमापं मी स्वतः काढून तयार ठेवीन.

आपला नम्र,
मालवाहू बोटीवरचा एक सेकंड इंजिनियर, रत्नागिरी