चार वाजून सहा मिनिटं

१४ एप्रिलला आपल्या भुईगावात निळे झेंडे लागतात, डीजे कान फुटेस्तोवर वाजतो. वाजू द्या. बाप जन्मला त्याचा सण आपण नाही करणार तर कोण करणार?

पण मी गोदीत गोणी उचलणारा माणूस. मला ह्याच तारखेला दुसराही आवाज ऐकू येतो. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. कापूस आणि दारूगोळा सायबानं एकाच बोटीत भरलेला. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी ती बोट, फोर्ट स्टिकिन, फुटली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते.

आग विझवताना ६६ बंबवाले मेले. त्यांच्या आठवणीत देश अग्निशमन दिन पाळतो. त्यांना सलाम. पण एकूण मेले किती? कुणी आठशे म्हणतो, कुणी तेराशे. मधली पाचशे माणसं कुणाच्या वहीतच नाहीत! त्यात हमाल किती, कोण विचारतो? त्याच बोटीतल्या सोन्याच्या विटा मात्र पुढं कित्येक वर्षं गाळातून निघाल्या, मोजल्या गेल्या.

समता समता म्हणतो आपण. मेल्यावर तरी माणूस विटेइतका मोजला जावा!

यंदा चार वाजून सहाला डीजे बंद करा. दोन मिनिटं गप्प उभे राहा. मग घोषणा द्या, आमच्या हमालांची नावं कुठायत?