शोध इथं, नोंद तिथं

तालुक्याला कृषी मेळावा भरला की पाहुणे एक गोष्ट हमखास सांगतात. नवीन तंत्र पुण्याला, हैदराबादला निघतं, ते झाडीपट्टीपर्यंत पोचवायचं आहे. म्हणजे डोकं तिकडं आणि हात इकडं! आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. मला हे मान्य नाही.

एचएमटी तांदूळ तुम्ही खाल्ला असेल. तो कुठल्या प्रयोगशाळेत निघाला नाही. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नव्हे, आमचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. तिथं दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल ३ धानाच्या बांधीत काही लोंबा वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी काढल्या, बी जपलं, दरवर्षी निवडून लावलं. बारीक, चवदार आणि जास्त उतारा देणारा धान हाती आला. जमीन मोजून दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत.

त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असलेला माणूस मोठा. बाजारात धानालाही तेच नाव पडलं. वाण झाडीचं, नाव घड्याळाचं. पुढं १९९८ मध्ये कृषी विद्यापीठानं ते शुद्ध करून आपल्या नावानं बाहेर काढलं. शुद्ध करायची मेहनत आमची, असं विद्यापीठ म्हणतं. असेल बाप्पा! पण ज्यानं लोंब ओळखली त्याचं नाव काहून गळलं? दखल घेतली ती अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सन्मान झाला. आपला माणूस ओळखायला आपल्याला अहमदाबाद लागलं. २०१८ मध्ये दादाजी गेले. त्याआधी त्यांच्या उपचारासाठी लोकांना वर्गणी काढावी लागली.

कोणी म्हणेल, मागास भागाला संस्था द्या म्हणजे झालं. संस्था आहेत की! सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहे, नागपूरला कापसाची केंद्रीय संस्था आहे. त्या हव्याच. पण वाट एकेरी आहे. वरून शिफारस येते, खालून बी जातं, नाव मात्र वरच राहतं.

२००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद करायचा हक्क दिला. प्राधिकरण दिल्लीला. वाण वेगळं आहे, एकसारखं आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, हे दाखवायचं. ज्याच्याजवळ कागद भरणारा माणूस आहे, त्याला हे जमतं. चिखलात रोवणी करणारा राहून जातो. मग नकाशावर आमचे जिल्हे कोरे दिसतात, आणि त्या कोरेपणाकडं बोट दाखवून पैसा पुन्हा शहराकडंच वळतो. जो मोजला जात नाही, त्याला वाटा मिळत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पंचायत समितीत शेतकऱ्यांच्या शोधांची एक वही ठेवा. बी कोणी दिलं, कोणत्या गावचं, कोणत्या साली, एवढं लिहा आणि देणाऱ्याला पावती द्या. चाचणी त्याच्याच बांधीत घ्या. दिल्लीचा अर्ज भरायचं काम कृषी अधिकाऱ्याकडं सोपवा. आणि पुढच्या मेळाव्यात अर्धा वेळ माईक आमच्याकडं द्या. पाहुण्यांनीही कधी खाली बसून लिहून घ्यावं.