बाळाच्या नावाचा रकाना आजच पाहा

1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर ज्यांच्या घरी पाळणा हलला, त्या सगळ्या आईबापांसाठी हे आवाहन आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. त्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि त्या तारखेपासून ती लागू आहे. शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन चालवण्याचा परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, आधार या सगळ्यांसाठी तुमच्या मुलाची जन्मतारीख आणि जन्मस्थळ आता जन्मदाखल्यावरूनच ठरणार. पासपोर्टच्या नियमांतही 2025 च्या फेब्रुवारीत हेच आले. आपल्या पिढीने शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळी कामे उरकली. या मुलांना ती पळवाट नाही.

महाराष्ट्रात शाळाप्रवेशाचे वय 31 डिसेंबरला मोजतात. म्हणजे 2023 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले 2026 च्या जूनमध्ये नर्सरीच्या वयाची होतात. नव्या नियमातली ही पहिली तुकडी. प्रवेशाच्या खिडकीवर दाखला मागितला की मग कपाट उघडायचे, ही आपली सवय या तुकडीला महागात पडेल.

मी ग्रामसेवक होतो. जन्म-मृत्यूचे रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचे. लोक सर्वांत जास्त कुठे अडतात असे कोणी विचारले, तर मी म्हणेन, दाखला कुठे मिळतो इथेच. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होते, सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन सासरी जाते. पुढे सासरे दाखल्यासाठी आपल्या ग्रामपंचायतीत येतात आणि रजिस्टरमध्ये नाव नाही म्हटल्यावर ग्रामसेवकावर उखडतात. नाव तिथे असणारच नाही. बाळ जिथे जन्मले, तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. दवाखाना नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर नगरपरिषदेत, महापालिकेच्या हद्दीत असेल तर त्या प्रभागाच्या कार्यालयात. बाप कुठला, रेशनकार्ड कुठले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून डिस्चार्ज घेताना औषधांची चिठ्ठी जशी मागून घेता, तसेच नोंद कोणत्या कार्यालयाला पाठवली आणि कधी पाठवली, हेही विचारून लिहून घ्या. दवाखान्यातल्या जन्माची माहिती 21 दिवसांच्या आत कळवणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. ती टाळल्यास त्याला दर जन्मामागे 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी अडचण बारशाची. बारसे बाराव्या-तेराव्या दिवशी, काही घरांत सव्वा महिन्याने. दवाखान्यातला कारकून मात्र दोन-तीन दिवसांतच फॉर्म भरतो, तेव्हा बाळाला घरातले सगळे नुसते बाळच म्हणत असतात. नावाचा रकाना कोरा जातो आणि दाखलाही तसाच कोरा हातात येतो. शिक्का आहे, सही आहे, नोंदणी क्रमांक आहे, म्हणून घरचे निर्धास्त होतात. नाव नसलेला हा दाखला शाळेच्या कामाचा नाही. कायद्याने याची सोय ठेवली आहे: नोंदणी झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत बाळाचे नाव विनाशुल्क घालून मिळते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. माझी विनंती एवढीच की ही 15 वर्षे विसरा. बारशानंतर पहिल्या सवडीच्या दिवशी नाव घालून या.

नाव घालताना घरात एकमत करून जा. पत्रिकेतले एक, आत्याने ठेवलेले एक आणि हाक मारायचे तिसरे, असे आपल्याकडे चालते. रजिस्टरमध्ये एकच चालते. ज्योतिषाने सांगितले म्हणून वर्षभराने अक्षर बदलायला येणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. चुकीची दुरुस्ती कायद्यात आहे, हौशीची नाही. आणि दुरुस्ती झाली तरी मूळ नोंद खोडली जात नाही, समासात वेगळी टीप जाते.

आईच्या नावाचे आणखी वेगळेच. बाळंतपण माहेरी, त्यामुळे केसपेपरवर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे. केसपेपरवरचे नाव दाखल्यावर उतरते आणि पुढे मुलाचा पासपोर्ट काढताना, किंवा परदेशी नोकरीला निघालेल्या घराला व्हिसासाठी कागद जोडताना, ही कोण बाई असा प्रश्न येतो. दवाखान्यात नाव लिहितानाच आधारवरचे सांगा, इंग्रजी स्पेलिंगसह.

एकट्या आईने यात भ्यायचे कारण नाही. अविवाहित किंवा एकटी आई मुलाचा जन्मदाखला मागायला आली, तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर तो द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितले आहे. बापाचे नाव आणल्याशिवाय अर्ज घेणार नाही, असे कोणी खिडकीवर म्हणाले तर ते नकाराचे उत्तर लेखी मागा.

सगळ्यांत जास्त काळजी मला ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांची वाटते. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरकडची जोडपी गाडीवर संसार चढवून सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकातही जातात. तिथल्या कोपीवर बाळ जन्मते, कधी बाई उसाच्या फडातच अडते. दवाखाना नाही, म्हणून कळवणारे कोणी नाही. हंगाम संपून पट्टा पडला की सगळे गावी येतात आणि गावच्या रजिस्टरमध्ये त्या बाळाला जागा नसते, कारण ते जन्मले दुसऱ्याच गावच्या शिवारात. घरी झालेल्या जन्माची खबर कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातलगाने द्यायची असते, तीही त्याच 21 दिवसांत. मुकादमांना आणि कारखान्यांच्या शेती विभागाला हात जोडून सांगतो, टोळीत बाळ जन्मले तर त्याच आठवड्यात त्या गावच्या ग्रामपंचायतीत खबर द्यायला एक माणूस पाठवा. आशाताईंनीही गावात परतलेल्या टोळ्यांमधली तान्ही मुले पाहून आईला एवढेच विचारावे, नोंद कुठे केली? वाटेत गाडीत किंवा 108 च्या रुग्णवाहिकेत जन्मलेल्या बाळाची नोंद गाडी जिथे पहिल्यांदा थांबली, तिथे होते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मुदत चुकली म्हणजे सगळे संपले असे नाही, पण रस्ता दर टप्प्याला अवघड होत जातो. 21 ते 30 दिवसांत निबंधक स्वतःच विलंब शुल्क घेऊन नोंद करतो. 30 दिवसांनंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. ग्रामीण भागात हे काम जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात. एक वर्ष उलटले की प्रकरण महसूल खात्यात, दंडाधिकाऱ्यांचे अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. खोट्या कागदांवर उशिराचे दाखले काढल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा 2025 च्या जानेवारीत शासनाने हे काम काही काळ थांबवलेच होते, आणि मार्चमध्ये नवी कडक कार्यपद्धती आणली. आता पुरावे तपासले जातात, पोलिसांचे मत घेतले जाते. खोटे दाखले बंद व्हायलाच हवेत. पण त्या चाळणीत अडकतो तो फडात जन्मलेल्या मुलाचा बाप, कारण त्याच्याजवळ दाखवायला कागदच नसतो.

दाखला हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. नोंदणी पूर्ण झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखला विनामूल्य द्यावा, असे कायदाच म्हणतो. पुढच्या प्रतींना किरकोळ शुल्क पडते. जन्मदाखला लोकसेवा हक्क कायद्यातही येतो, त्यामुळे अर्ज दिला की पोच घ्या. कार्यालयातल्या फलकावर मुदत, शुल्क आणि अपिलाचा अधिकारी लिहिलेला असतो, तो वाचा. निबंधकाने नकार दिला तर 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते. एजंटाकडे जाऊ नका. त्यातही मोबाइलवर तासाभरात दाखला देणाऱ्या नकली संकेतस्थळांपासून जपा. ती खऱ्यासारखीच दिसतात, क्यूआर कोडही छापतात आणि तो त्यांच्याच नकली पानावर नेतो. सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असते, ते पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

एका कागदासाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणाला वाटत असेल तर त्याने 2023 साल आठवावे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावची जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरे, म्हणजे गाव नमुना 14 आणि कोतवाल बुके, बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. कुठल्याशा कोतवालाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीवर आज पणतवंडांचे प्रवेश ठरत आहेत. ती ओळ ज्या घरांची लिहायची राहिली, ती घरे अजून तहसीलच्या पायऱ्यांवर आहेत.

तेव्हा आज रात्री मुलाचा दाखला बाहेर काढा आणि दिव्याखाली बसून वाचा. बाळाचे नाव आहे का, आईचे नाव आधारप्रमाणे आहे का, तारीख आणि स्पेलिंग बरोबर आहे का. नाव कोरे असेल तर त्या कार्यालयात या आठवड्यातच जा. शेजारी, कामावरच्या बाईकडे, बांधकामावरच्या कुटुंबात लहान बाळ असेल तर त्यांनाही विचारा. अर्ज भरायला हात लागत असेल तर तो तुमचा असू द्या. आणि ज्या बाळाची नोंदच झालेली नाही, पण वर्ष अजून भरलेले नाही, त्याच्या घरच्यांनी उद्या सकाळीच निघावे. पहिला वाढदिवस उलटला की हा अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत निकाली निघत नाही.