नादाची जात कोण ठरवणार?

संगीताच्या प्राथमिक परीक्षेचे पुस्तक उघडले की सुरुवातीलाच नादाची तीन लक्षणे सांगितलेली असतात. नादाचा लहानमोठेपणा, नादाची उंचनीचता आणि नादाची जात. लहानमोठेपणा म्हणजे आवाज किती जोराचा, उंचनीचता म्हणजे तो कोणत्या पट्टीतला, आणि जात म्हणजे तो कोणाचा वा कशाचा हे ओळखू येते तो गुण. बासरी आणि हार्मोनियम एकाच काळी चारमध्ये, सारख्याच जोराने वाजवा. डोळे मिटूनही फरक कळतो. फोनवर आई नुसते ‘हॅलो’ म्हणाली तरी आई कळते, ती याच गुणामुळे. या देशात आवाजाच्या गुणालाही ‘जात’ हाच शब्द मिळावा याचे आम्हाला नवल वाटत नाही. आम्ही मात्र त्याला पोत म्हणू.

विज्ञान काय सांगते? गळ्यातील स्वरतंतू कंप पावतात तेव्हा मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात. घसा, तोंड, नाक यांच्या पोकळ्या त्यातले काही फुलवतात, काही दाबतात. या मिश्रणावर आवाजाचा पोत ठरतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली ग्रंथ लिहून मांडले. प्रत्येकाच्या पोकळ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचा पोत वेगळा. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवतो तो ऐकणारा कान, आणि कान घडवतो तो समाज.

म्हणूनच स्पर्धांमधून होणारे शेरे आम्हाला खटकतात. ‘सूर चांगला आहे, पण आवाज राकट आहे.’ ‘गळा घोगरा आहे, गोडवा नाही.’ सूर चुकला तर गुण कापा, ताल सुटला तर कापा. रियाजाला पर्याय नाही आणि बेसूर गाणे म्हणजे क्रांती नव्हे, हे आम्हीही मानतो. पण सूर-ताल बरोबर असताना निव्वळ पोतासाठी गुण का कापायचे? गोडवा ही एकच कसोटी कोणी ठरवली? दिवाणखान्यात, तंबोऱ्याजवळ बसून गाणाऱ्याचा गळा आणि उघड्या मैदानात हजार माणसांसमोर उभे राहून गाणाऱ्याचा गळा एकच काम करत नसतात.

१९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले तेव्हा प्रत्येक गावात ध्वनिक्षेपक नव्हता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या आमच्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत उघड्यावरच रंगली. तिथे शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला नाही तर सगळे फुकट. म्हणून वरची पट्टी, खडा आवाज, छातीतून फेक. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की ऑपेरा गायकांच्या आवाजात सुमारे ३००० कंपनांच्या आसपासचे उपस्वर ठळक असतात, त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदातूनही त्यांचा गळा वेगळा ऐकू येतो. मानवी कान त्याच टापूत विशेष तीक्ष्ण असतो. युरोपात गळ्याच्या या धारेला कला म्हणतात. आमच्या शाहिराच्या धारेला मात्र राकटपणा म्हणायचे, हा न्याय कुठला?

प्रल्हाद शिंदे यांचेच उदाहरण घ्या. ज्या गळ्याने पंढरीची भक्तिगीते घराघरात पोहोचवली, त्याच गळ्याने भीमगीतेही गायली. श्रोते वेगळे, श्रद्धा वेगळी, पण पहिला शब्द कानी पडताच गळा सगळ्यांनी ओळखला. कडुबाई खरात यांच्या हाती साधी एकतारी. तरी त्यांचे गाणे मोबाइलवरून महाराष्ट्रभर पोहोचले. लोकांनी कष्टाने कमावलेला आवाज ऐकला आणि आपला म्हटला. त्यासाठी कोणा परीक्षकाचा दाखला लागला नाही.

वाद्यांचेही तेच. तबला आणि मृदंगाच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर सुरात बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासोबत जगापुढे मांडले. परंतु ते कातडे कमावणारे, ताणणारे हात कोणाचे? मृदंग घडवणाऱ्या दलित कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह नाकारले. नाद मान्य, पण तो घडवणारा माणूस नको!

आता आपल्याकडे वळू. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लागतो. खालच्या पट्टीतील प्रचंड धडधड वरच्या उपस्वरांना गिळून टाकते आणि गायकाचा शब्दच हरवतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो: ज्या गीताने माणसे जागी केली, ते ऐकूच येत नसेल तर वाजवता कशाला?

दुसरा धोका नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने आज कोणाचाही पोत उचलून त्या आवाजात हवे ते गाऊन घेता येते. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यांत मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन अशा नकलेला मनाई केली. आदेश स्वागतार्ह आहेत. पण ते नामवंतांना मिळाले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गायकाचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला. त्यातही कवीच्या शब्दांना त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण, आणि गायकाच्या सादरीकरणाला ५० वर्षे. तेही त्या सादरीकरणाला, पोताला नव्हे! वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. विठ्ठल उमप यांनी २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच अखेरचा श्वास घेतला. उद्या त्यांच्या आवाजात कोणी त्यांच्याच विचारांविरुद्ध गाणे काढले तर काय करणार? उमपांसाठी निदान समाज ओरडेल. पवनी तालुक्यातल्या खेड्यातील शाहिरासाठी कोण न्यायालयात जाणार? कायद्यातच प्रत्येक माणसाच्या आवाजाला स्पष्ट संरक्षण हवे, अशी आमची मागणी आहे.

तोवर आपण काय करावे? पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. दान देणाऱ्यांची नावे दगडावर ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. ती नावे आज वाचता येतात. पण त्या स्तूपाभोवती जे पठण झाले असेल, त्याचा आवाज गेला तो गेलाच. त्या काळी साधन नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

तरुणांनी तालुक्यातल्या वृद्ध गायक-गायिकांकडे जावे. वाद्याविना एक गीत, मग एकतारी किंवा ढोलकीसह तेच गीत ध्वनिमुद्रित करावे. नाव, गाव, तारीख लिहावी. मुद्रण कशासाठी वापरायचे, कशासाठी नाही, याची लेखी संमती घ्यावी आणि तिची एक प्रत गायकाच्या घरी ठेवावी. जयंतीच्या गायन स्पर्धांतून ‘आवाजाचा गोडवा’ हा रकाना काढून ‘शब्दांची स्पष्टता’ हा रकाना घालावा. या कामाला निधी लागत नाही, चार माणसे आणि काही रविवार लागतात. ज्यांचे गळे अजून शाबूत आहेत, त्यांच्यापासून येत्या रविवारीच सुरुवात करावी.