माणदेशातील गावोगावच्या संग्रहांविषयी जाहीर आवाहन

आटपाडी, माण व सांगोला या तालुक्यांतील रहिवाशांस, आणि पोटापाण्यासाठी येथून परमुलखी गेलेल्या सर्व बंधुभगिनींस सविनय विनंती अशी की, आपल्या गावांचा जो पूर्वापार ठेवा आज माळ्यावर, परड्यात आणि पडक्या वाड्यांच्या बळदांत केवळ कुणाचे लक्ष गेले नाही म्हणून शिल्लक राहिला आहे, तो ज्या गावचा त्या गावातच सांभाळण्यासाठी लहान लहान संग्रहांची एक साखळी उभी करण्याचे आम्ही काही माणदेशी मंडळींनी योजिले असून, आपला हात लागल्याखेरीज ते तडीस जाणारे नाही.

संग्रहालयाची कल्पना या मुलखाला नवी नव्हे. आटपाडी ज्या औंध संस्थानाचा भाग होती, त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली औंधास यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले आणि राजा रविवर्म्याची चित्रे व हेन्री मूरचे शिल्प दुष्काळी मुलखातल्या खेडुताच्या आटोक्यात आणून ठेवले. मात्र याच काळाची दुसरी हकीकतही विसरण्याजोगी नाही. द. ब. पारसनीसांनी जन्मभर खपून जमविलेल्या ऐतिहासिक कागदांसाठी व चित्रांसाठी साताऱ्यात १९२५ साली संग्रहालय झाले. पुढच्याच वर्षी ते निवर्तले, आणि १९३९ साली तो सारा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे अभ्यासकांची उत्तम सोय झाली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तरीही वस्तू दूर गेली की तिच्याबद्दल साक्ष देणारी माणसे मागेच राहतात. मोट कोणत्या विहिरीवरची, ती कोण हाकीत असे, कोणत्या साली ती कायमची उतरली, हे सांगणारा म्हातारा शहरातल्या काचेच्या कपाटापाशी कधीच उभा नसतो.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एक भव्य इमारत बांधून तीत सगळे आणून भरावे, ही सूचना काही थोर मंडळींकडून आली असताही आम्ही ती आदरपूर्वक बाजूला ठेवली आहे. इमारतीला कोनशिला मिळते, उद्घाटक मिळतो. पुढे कुलूप उघडणारा मात्र मिळत नाही, असा आपल्याकडील अनुभव आहे. त्यातून हा मुलूख एका तालुक्यापुरता नाही: माणगंगा ही सातारा जिल्ह्यात उगम पावते, आटपाडी तालुक्यातून वाहते आणि सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचेच सांगली असे नामकरण झाले, या सरकारी वाटण्यांनी मुलूख तीन दप्तरांत विभागला गेला असला तरी मेंढरांनी, बाजारांनी आणि सोयरिकींनी त्या शिवा कधी मानल्या नाहीत. संग्रह गावोगाव असावेत, परंतु त्यांची नोंदवही एक असावी, एवढाच आमच्या योजनेचा गाभा आहे.

कोणत्या गावाने काय सांभाळावे, हे त्या गावच्या मातीनेच ठरवून ठेवले आहे. शेटफळ्यास ग. दि. माडगूळकरांचा १९१९ साली जन्म झाला, माडगुळे हे व्यंकटेश माडगूळकरांचे गाव. त्यांची 'बनगरवाडी' वाचून आलेल्या वाचकाला धनगराचा वाडा म्हणजे काय, वाघूर कशी लावतात, कातरणीच्या वेळी मेंढरू कसे धरतात, हे पुस्तकाबाहेर दाखविणारी एखादी खोली तेथे नको काय? खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा आणि खिलार जनावरांचा बाजार आहे. तेथे घुंगुरमाळा, झुली आणि जुन्या खरेदीच्या पावत्या निघतील. जेथे घोंगडी विणणाऱ्या सणगराचा माग अजून उभा आहे तेथे मागाबरोबर चिंचोक्याची खळ करण्याची रीतही लिहून घेतली पाहिजे, कारण माग मोडला तर सुतार नवा करून देईल, पण खळीचा अंदाज एकदा गेला की गेला. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची अडचण निराळी: औंध संस्थानाने १९३९ साली काढलेल्या आणि 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाला प्रेरणा देणाऱ्या त्या खुल्या कारागृहाला भिंतच नव्हती, तेव्हा त्याचा इतिहास दगडविटांपेक्षा दप्तरांत आणि आसपासच्या वृद्धांच्या आठवणींतच शोधावा लागेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे अवश्य आहे. अशा आवाहनांना प्रतिसाद म्हणून प्रथम येतात त्या तलवारी आणि सनदा; ज्या घरी तलवार, त्या घरची ती बहुधा पानिपतावरचीच असते. त्या जरूर याव्यात. परंतु आटपाडीचेच सुपुत्र शंकरराव खरात यांनी 'तराळ-अंतराळ' मध्ये जी गावकी सांगितली, तिची वाड्यांतून निघणाऱ्या जिनसांत खूणही सापडत नाही. तराळाच्या काठीला, मातंगाच्या हलगीला आणि दळणाच्या जात्याला सनदेच्याच वहीत, सनदेइतकाच मानाचा दाखल क्रमांक मिळेल. त्यांच्याविषयी काय लिहावे, काय मांडावे आणि काय मांडू नये, याचा अखेरचा शब्द त्या घरांचाच राहील. तीच गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. खडी फोडण्याचे हातोडे, हजेरीपट, सुकडी शिजविण्याची भांडी आणि मिलो खाऊन काढलेल्या दिवसांच्या आठवणी हा आपला अलीकडचा आणि कदाचित सर्वांत खरा दस्तऐवज आहे. ज्यांनी तो अंगावर काढला ते आता थकले आहेत, आणि टेंभू योजनेच्या पाण्यावर डाळिंबे पिकविणाऱ्या नातवंडांना तो ऐकूनही ठाऊक नाही.

वस्तू घेण्याची आम्हांस घाई नाही. आधी नोंद हवी: जिन्नस कोणता, कोणाच्या घरचा, कशासाठी वापरला, केव्हापासून पडून आहे. वस्तू दिलीच तर ती अमानत समजून पावतीवर घेतली जाईल, मालकी आपलीच राहील, आणि लग्नकार्यास किंवा यात्रेस हवी असल्यास परत मिळेल. मोडी कागदांबाबत भाऊबंदकीची भीती असते, हे आम्ही जाणतो. तेव्हा मालकाच्या लेखी संमतीवाचून कोणताही कागद वाचून दाखविला जाणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांवरील काही वस्तूंची सरकारी नोंदणी करावी लागते, पण तेवढ्याने वस्तू सरकारजमा होत नाही. वीरगळ आणि सतीशिळा मात्र जागेवरून हलवू नयेत, त्यांचा शेंदूर खरवडू नये, आणि कृपा करून त्यांना तैलरंग देऊ नये.

ग्रामपंचायतींनी व गावच्या ग्रंथालयांनी एक कोरडी, वाळवी नसलेली खोली द्यावी. शिक्षकांनी वही धरावी. मोडी जाणणाऱ्यांनी महिन्यातला एखादा रविवार द्यावा. गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त देशभर विखुरलेल्या बांधवांना विशेष विनंती अशी की, आपली बंद घरे वर्षातून एकदा यात्रेपुरती उघडतात तेव्हा एखाद्या जबाबदार माणसास आत येऊ द्यावे. आणि आपल्या आजोबांची मूस, फुंकणी, भाता यांतले काही परगावी उरले असेल तर त्याचीही नोंद पाठवावी, कारण हा धंदा माणदेशाचा असून त्याचा एकही संग्रह माणदेशात नाही.

भंगारवाला दिवाळीपूर्वी येतो. यंदाच्या साफसफाईत लोखंडी नांगराचा फाळ, पितळी घंगाळे किंवा रुमालात बांधलेले दप्तर बाहेर निघाले, तर ते त्याच्या तराजूत पडण्याआधी गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत एकवार कळवावे.

आपले नम्र,
आटपाडी व परिसरातील काही रहिवासी