तार, ट्रे आणि टेन्युअर

गेल्या दोन वर्षांत एकच प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मेसमध्ये जेवण झाल्यावर एखादा मेजर बाजूला घेऊन विचारतो. सुभेदार साहेब मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवता दाखवता विचारतात. निवृत्त झालेला कोर्समेट साताऱ्याहून फोन करतो आणि इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या की शेवटी त्यावरच येतो: "या वयात दात सरळ होतात का रे?" मला विचारण्याचं कारण सरळ आहे. मागच्या पीस पोस्टिंगला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी चौदा महिने दातांना तार लावून ऑफिसात बसत होतो. मी डॉक्टर नाही. पण या विषयावर माझं ठाम मत झालं आहे आणि प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा ते एकदा लिहून ठेवलेलं बरं.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. एनडीएच्या मेडिकलला तुमचे-आमचे दात मोजले गेले होते, आठवत असेल. त्याला डेंटल पॉइंट म्हणतात. पुढचे दात, सुळे आणि उपदाढांना एकेक गुण, मोठ्या दाढांना दोन-दोन. सगळे बत्तीस दात असतील आणि अक्कलदाढा नीट वाढलेल्या असतील तर एकूण 22 गुण. भरतीला किमान 14 लागतात. यात महत्त्वाची अट अशी की दात समोरच्या जबड्यातल्या जोडीदाराशी नीट मिळत असेल, म्हणजे कामाचा असेल, तरच गुण मिळतो. तो फोटोत कसा दिसतो याला गुण नाहीत. थोडक्यात, पुढचा एखादा दात जरा वळलेला असणं हे सैन्याच्या लेखी व्यंग नाही, आजार तर नाहीच.

मग सरळ करायचे तरी कशाला? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: मला आवडत नाहीत म्हणून. आपल्या लोकांना हे बोलायला जड जातं. मग "चावायला त्रास होतो", "घास अडकतो", "बायको म्हणते" अशी कारणं पुढे येतात. मला वाटतं, कारणं शोधायची गरज नाही. आमच्या पिढीत तालुक्याच्या गावी दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा. बाराव्या-तेराव्या वर्षी क्लिप लावायची ती शहरातल्या, ऐपतदार घरच्या मुलांनी. ज्याने वीस-पंचवीस वर्षं ओठ मिटून ग्रुप फोटो काढले, त्याला चाळिशीत मोकळं हसावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? हौस आहे, असं स्वच्छ सांगावं. डॉक्टरलाही तेच सांगावं, कारण त्यावरून उपचार किती मोठा करायचा हे ठरतं.

आता वयाचा मुद्दा. दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. दातावर हलका, सततचा दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं. ही यंत्रणा साठीतही चालू असते. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. जास्त जोर लावून तो वाढत नाही, उलट मुळांना इजा होऊ शकते. म्हणजे वय हा अडथळा नाही. अडथळा असतो तो हिरड्यांचा. पायाच कच्चा असेल तर भिंत सरकवायची नसते. कीटण साचलेलं, हिरड्यांतून रक्त येतंय, हाड झिजलंय, साखर हाताबाहेर आहे, तोंडात तंबाखू आहे. अशा माणसाने आधी ते निस्तरावं. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी दात हलण्याचा वेग मंदावतो. बॉक्सिंगमध्ये कधी दातावर ठोसा बसला होता का, हेसुद्धा सांगा. मार लागलेला दात कधी कधी हाडाला चिकटून बसतो आणि मग काही केलं तरी हलत नाही. इम्प्लांट तर हलतच नाही. त्यामुळे दात सरळ करायचे असतील तर ते आधी, इम्प्लांट नंतर.

"माझे दात आधी सरळ होते, अक्कलदाढेने ढकलले," असं बरेच जण सांगतात. खालच्या पुढच्या दातांची दाटी वयाबरोबर बहुतेकांची वाढते, अक्कलदाढ असो वा नसो. तेवढ्यासाठी चांगली अक्कलदाढ काढून घेऊ नका.

आता पर्याय. पहिला पर्याय काहीच न करण्याचा. तो सन्मानाचा आहे. दात नीट घासता येतात, हिरड्या निरोगी आहेत आणि तुम्हाला फारसं खुपत नाही, तर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या आणि पैसे वाचवा.

दुसरा पर्याय दात न हलवता रूप सुधारण्याचा. दाताची कड किंचित घासणं, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावून आकार देणं. एक-दोन बैठकींत काम होतं. अगदी किरकोळ वाकडेपणाला हे पुरतं. पण वरून व्हेनिअर बसवण्यासाठी चांगला दात तासायचा असेल तर मी दहा वेळा विचार करीन. इनॅमल पुन्हा उगवत नाही.

तिसरा पर्याय तारेचा. धातूची क्लिप सर्वांत स्वस्त आणि दणकट. सिरॅमिकची दाताच्या रंगाची, जरा नाजूक आणि महाग. दातांच्या आतल्या बाजूने लावायचीही असते, ती दिसत नाही, पण जिभेला टोचते आणि खिशालाही. डॉक्टरकडे साधारण चार ते आठ आठवड्यांनी जावं लागतं. फक्त पुढचे दात जुळवायचे असतील तर काम सहा महिन्यांच्या आसपास आटपू शकतं, पूर्ण चावा दुरुस्त करायचा तर दीड-दोन वर्षं धरून चाला. फौजींना आवडेल अशी एक गोष्ट: सुरुवातीला वापरतात ती निकेल-टायटॅनियमची लवचीक तार अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतून आली. क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधताना हा मिश्रधातू हाती लागला, आणि त्याच्या 'निटिनॉल' या नावातली शेवटची अक्षरं त्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीचीच आहेत. वाकवली तरी मूळ आकारात परत येते आणि तेवढ्यात दाताला हळूच ओढून आणते.

चौथा पर्याय अलाइनरचा, म्हणजे पारदर्शक ट्रे. एकेक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे लावायचा. थोड्या वाकड्या दातांना उत्तम, दिसतही नाही. खर्च मात्र बहुधा लाखाच्या भाषेत. अट अशी की दिवसातले 20 ते 22 तास ट्रे तोंडात हवा. खाताना आणि साध्या पाण्याखेरीज काहीही पिताना काढायचा, चूळ भरून परत लावायचा. गरम पाण्यात धुतला तर त्याचा आकार बिघडतो. आता मला सांगा, तुम्ही दिवसातून चहा किती वेळा पिता? बर्फातल्या पोस्टवर, जिथे हातात गरम मग नसेल तर बोटं चालत नाहीत, तिथे 22 तासांचं गणित बसतं का?

म्हणून माझं म्हणणं असं की आपण फौजींनी आधी टेन्युअर बघावा, मग तार की ट्रे हे ठरवावं. दात हलवणं ही एकदाची खरेदी नाही, दीड वर्षाची मोहीम आहे आणि तिला सप्लाय लाइन लागते. पीस स्टेशनला आल्या आल्या पहिल्या दोन महिन्यांत दाखवा. दोन वर्षांतले शेवटचे सहा महिने उरले असतील आणि पुढे फील्ड दिसत असेल, तर सुरू करू नका. रस्ता बंद असताना सुटलेल्या तारेचं टोक गालात रुतलं तर हाताशी मेणाची गोळी असते, बाकी काही नसतं. ते टोक कापणारा दरीच्या पलीकडे असतो.

इथेच ऑनलाइन किट मोहात पाडतं. घरपोच साचा येतो, आपणच दातांचा ठसा घ्यायचा, ट्रे पोस्टाने येतात. दूरच्या पोस्टवरच्या माणसासाठीच केलंय असं वाटतं. आमच्या ओळखीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने फील्डमधून असंच केलं. त्याच्या हिरड्या कोणी पाहिल्या नाहीत, एक्स-रे कोणी काढला नाही. चौथ्या महिन्यात खालचा एक दात डुगडुगायला लागला. रजा मिळून स्पेशालिस्टपर्यंत पोहोचेपर्यंत त्या दाताची हिरडी उतरली होती आणि ती परत वर आली नाही. तिशी न ओलांडलेला मुलगा, हसू सुधारायला गेला आणि तो दात किती वर्षं टिकेल हा प्रश्न घेऊन आला. अमेरिकेत या पद्धतीची सर्वांत मोठी नाव कमावलेली कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले लोक वाऱ्यावर सोडले गेले. कंपनी बुडाली की ट्रे यायचे थांबतात. दात मात्र तुमच्याच तोंडात राहतात.

त्यामुळे ब्रँडच्या आधी माणूस निवडा. ऑर्थोडोंटिस्ट म्हणजे बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला. त्याला चार प्रश्न विचारा. माझ्या हिरड्या आणि हाड याला तयार आहेत का? काम किती महिन्यांचं? मध्येच बदली झाली तर कागदपत्रं आणि साचे मिळतील का, पैशांचा हिशेब कसा होईल? आणि नंतर दात जागेवर कसे ठेवायचे? सेवेत असाल तर आधी आपल्या डेंटल सेंटरला दाखवा. आर्मी डेंटल कोअर 1941 पासून फौजेचे दात सांभाळतंय, प्रामाणिक सल्ला तिथे मिळतो. निवृत्त मित्रांनी ईसीएचएसमध्ये काय बसतं ते पॉलीक्लिनिकमध्ये आधी विचारावं आणि मगच ग्रॅच्युइटीला हात लावावा.

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. तार निघाली की दात जुन्या जागी परतायला बघतात. म्हणून रिटेनर. तो कायमचा असतो. दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, किंवा रात्री लावायचा ट्रे. पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर, मग रोज रात्री, जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी वर्षं. जिंकलेलं ठाणं सोडून आलं तर काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रोज रात्री रिटेनर लावण्याची तयारी असेल तर जरूर करा, वय विचारू नका. नसेल तर दात आहेत तसे ठेवा आणि आजपासून तसेच मोकळे हसा. दोन्ही निर्णय चांगले आहेत. वाईट आहे ते फक्त अर्ध्यावर सोडणं.