रस्ता नको, जीप हवी!

बोरिवलीत राहणाऱ्या माणसाला चारही चाकांना जोर देणारी जीप कशाला हवी, असे कोणी विचारले तर त्याला अरसिक ठरविण्याची आमच्या मध्यमवर्गात आता पद्धतच पडली आहे. गेले दोन महिने मीही त्या रसिकांच्या मेळाव्यात होतो. घाटकोपरला एका गॅरेजात पंचवीस वर्षांची एक जीप विकाऊ आहे. भाचा दर रविवारी येऊन सांगतो, "मामा, विचार कसला करता? अशी गाडी पुन्हा मिळायची नाही." तेव्हा या पक्षाचे म्हणणे एकदा नीट तपासून पाहणे मला भाग पडले.

पहिला मुद्दा अभिमानाचा. जीप दुसऱ्या महायुद्धात जन्मली, १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि पुढे आमच्या शेजारच्या कांदिवलीत तिचा कारखाना झाला. हे सारे खरे, आणि मलाही त्याचे कौतुक आहे. पण कौतुकाला डिझेल लागत नाही, गाडीला लागते.

दुसरा मुद्दा पावसाचा. "२६ जुलै २००५ आठवा!" हे या पक्षाचे ब्रह्मास्त्र. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे कोण विसरेल? परंतु चार चाकांचा जोर उपयोगी पडतो तो चिखलात, वाळूत, सुट्या दगडांच्या चढावर. पाण्याशी त्याचा संबंध थोडा. इंजिन हवा ओढून चालते. त्या वाटेने पाणी आत शिरले की ते हवेसारखे दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. अंधेरीच्या सबवेत साधी मोटार बुडेल, तशी ही जरा उशिरा बुडेल, इतकेच. उलट कोरड्या डांबरावर हा जोर जोडून ठेवला तर तोटाच. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला पडतो. जुन्या जीपमध्ये मात्र पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने बांधलेले असतात. मग टायर घासतात, दातेचक्रांवर ताण येतो. म्हणजे उपनगरात तो दुसरा दांडा देवघरातल्या शंखासारखा. मान मोठा, पण हात रोज लावायचा नाही.

तिसरा मुद्दा स्वस्ताईचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. या गाडीची दोन नूतनीकरणे झाली, तिसरे दारात उभे आहे. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्येच ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. मी गाडीखाली वाकून पाहिले. सांगाड्याला गंज आहे, आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळत नाही. भाचा म्हणतो, "किरकोळ आहे." कायद्याच्या लेखी ते किरकोळ नाही.

पण हे तीनही मुद्दे बाजूला ठेवा. माझा खरा मुद्दा चौथा होता, आणि तोच मला सर्वांत बळकट वाटत होता. संगमेश्वर तालुक्यात आमची वाडी आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी आणि पुढे लाल मातीची चढण. गेल्या श्रावणात वहिनी आजारी पडल्या, तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून भर पावसात खाली आणले. दादांचा फोन आला आणि मी मनाशी ठरवले, जीप घ्यायचीच!

मग एका रात्री साधा हिशेब सुचला. वहिनींना पुन्हा गरज पडेल त्या रात्री जीप कुठे असेल? बोरिवलीत, आमच्या जिन्याखाली.

आणि ती वाट मोठी का होत नाही? सरकारला दोष देणे सोपे आहे, आणि तो मी वीस वर्षे दिला. पण वाट जाते आमच्याच काजूच्या बागेतून. सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. चुलत्यांशी बांधावरून वाकडे आले, तेव्हापासून संमतिपत्रावर सात सह्या झाल्या, चार राहिल्या. त्या चारांतली एक माझी आहे.

जुन्या जीपचा सोस हा असा आहे. सर्वांसाठी रस्ता करायचा तर भांडण मिटवावे लागते, चार गुंठे सोडावे लागतात, नमते घ्यावे लागते. जीपला नुसते पैसे लागतात. म्हणून आम्ही चाकरमानी जीप घेतो आणि वर त्याला साहस म्हणतो! वाट वाईट ती वाईटच राहो, माझी चाके मजबूत झाली की पुरे, ही वृत्ती चिखलाहून अधिक निसरडी आहे. ज्याला रोज डोंगरात माल न्यायचा आहे, त्याने जीप जरूर घ्यावी. ते त्याचे अवजार आहे. माझ्या हातात ती सबब झाली असती.

भाच्याला मी नाही म्हणून सांगितले. तो रागावला आहे. दिवाळीला मी एस.टी.ने गावी जाईन, आणि पहिल्यांदा चुलत्यांच्या पडवीत जाऊन बसेन. वाचकहो, तुमचेही नाव कुठल्या तरी सातबाऱ्यावर असेल. गाडी पाहायला निघण्याआधी एकदा तो काढून पाहा.